गुंठ्याला तीन भारे

बहिरू हा मी पाहिलेला सगळ्यात कमी बोलणारा माणूस, आणि सरकारनं त्याला जुन्नरला बोलावून घेतलं ते बोलण्यासाठी. हा उपद्व्याप माझाच. त्याचं नाव मी सुचवलं होतं, त्यामुळे पुढं जे झालं त्यातलं निम्मं पाप माझ्या माथी आहे. पुण्य काही असेल तर ते मात्र सगळं त्याचं.

मी जुन्नरचा निजाम. आमच्या वडिलांची, राजमहंमद यांची, पेठेत हिरड्याची वखार होती. पश्चिमेकडच्या डोंगरातली माणसं हिरडा घेऊन यायची, त्यांत मढच्या पलीकडच्या एका वाडीवरचा बहिरूही असायचा. बाकीचे आले की वखारीत नुसता कालवा. बहिरू मात्र गुपचूप पायरीवर बसायचा. वडील विचारायचे, "काय बहिरू, यंदा भात कसं?" उत्तर म्हणून तो तळहात जमिनीपासून वर धरायचा. गुडघ्याएवढा धरला तर बेताचं, कमरेएवढा धरला तर उत्तम. एका साली त्यानं हात नुसता जमिनीवर टेकवला. त्या दिवशी वडिलांनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्याची बायको सोनीबाई. देवानं दोघांच्या वाटणीचे शब्द तिला एकटीलाच देऊन टाकले होते. ती सांगायची, "लगीन झाल्यावर आठ दिस ह्यो मानूस बोललाच न्हाई. मला वाटलं, मुकाच पदरात पडला. नवव्या दिशी मी कोयता घिऊन ऐनाच्या झाडावर चढले, तवा खालनं वरडला, 'शेंडा तोडू नगंस!' म्हनलं, चला, वाचा हाय."

झाडाचा शेंडा तोडायचा नाही, एका झाडाला तीन वर्षांतून एकदाच कोयता लावायचा, हे बहिरूचं शास्त्र. आणि या शास्त्राशी त्याचं पोट बांधलेलं होतं, कारण डोंगरात भात करायचं तर राब भाजावा लागतो. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, म्हणजे टहाळ, तोडून वाळवायची. रोपासाठी ठरवलेल्या जमिनीवर शेण, टहाळ, पाचोळा असे थर घालायचे, वरून बारीक माती टाकायची आणि ते सगळं धुमसत जाळायचं. त्या भाजलेल्या राखेत भाताचं बी पेरलं की रोप काळंभोर उठतं. नाही भाजलं, तर भाताआधी तणच उठतं. बहिरूचा राब चार गुंठ्यांचा. त्या चार गुंठ्यांच्या रोपावर एकरभर खाचरं लागायची आणि एकरभर खाचरांवर घरातली सात तोंडं जेवायची.

आता सरकारचं ऐका. जंगलखात्याचं म्हणणं, या टहाळतोडीनं डोंगर बोडके झाले, राब बंद करा. शेतकऱ्यांचं म्हणणं, राब बंद केला तर आम्हालाच भाजा. दोन्हीकडून अर्जांचे गठ्ठे मुंबईला गेले तेव्हा १९५४ साली सरकारनं एक चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत. मला वखारीतल्या काट्यापेक्षा पेन्सिल जवळची वाटली म्हणून मी पुण्याला जाऊन लघुलेखन शिकलो होतो, तो मी त्या समितीचा लेखनिक झालो. मिनिटाला एकशे वीस शब्द! त्या काळी मला स्वतःचा फार अभिमान होता. आता तेवढा नाही, पण अगदीच गेला असंही नाही.

सरांची एक कल्पना होती. ते म्हणायचे, "एकेका साक्षीदाराला समोर उभं करून विचारलं की तो आपलं घोडं पुढं दामटतो. त्यापेक्षा सहा जाणकार एका टेबलाभोवती बसवा आणि त्यांना आपसात बोलू द्या. ते एकमेकांना दुरुस्त करतात. आपण ऐकायचं. जाणकार जिथं भांडतात, तिथंच चौकशीनं खणायचं असतं." म्हणून त्यांनी तीन मंडळं ठरवली. एक जंगलखात्याच्या साहेबांचं, एक शेतकी शास्त्रज्ञांचं, आणि तिसरं प्रत्यक्ष राब भाजणाऱ्यांचं.

पहिली दोन मंडळं पुण्याला बसली आणि सरांच्या मनासारखी भांडली. जंगलाचे दोन साहेब ऐनाच्या एका फांदीवरून इतके हमरीतुमरीवर आले की एकाचा चष्मा टेबलाखाली गेला. शास्त्रज्ञांनी राखेतल्या प्रत्येक क्षारावरून वाद घातला. मी चाळीस पानं लिहिली, सर खूष. पण एका प्रश्नाला दोन्हीकडे उत्तर नव्हतं. गुंठाभर राबाला टहाळ लागते तरी किती? एक साहेब म्हणाले पाच भारे, दुसरे म्हणाले तीस. डोक्यावर भारा कुणीच वाहिला नव्हता. सर म्हणाले, "हे आता जुन्नरचं मंडळ सांगेल."

जुन्नरच्या मंडळासाठी तालुक्यातून नावांची यादी आली, ती वाचून मी कपाळाला हात लावला. गावाकडून सरकारनं माणूस मागितला की मान ज्याचा मोठा त्याचं नाव जातं, मग विषय कुठलाही असो. यादीत पहिलं नाव राजुरीच्या एका बागाईतदाराचं. राजुरीच्या काळ्या रानात ऊस होतो, कांदा होतो. त्या भल्या गृहस्थानं राब नुसता ऐकला असेल, तोही कुणाच्या तरी लग्नात. मी धीर करून सरांना म्हटलं, "सर, राबातला माणूस हवा असेल तर मढकडचा बहिरू बोलवा." सरांनी विचारलं, "चांगला बोलतो का?" मी म्हटलं, "जाणतो चांगला." खोटं काही बोललो नाही.

यादी बदलली. मढकडून बहिरू, आंबेगावच्या डोंगरातून चिमाजी आणि कुशाबा, आणि आसपासच्या वाड्यांवरून आणखी तिघं. चिमाजी सगळ्यांत वडीलधारा. तीस वर्षं त्यानं पंच म्हणून बांधाचे, पाण्याचे, सोयरिकीचे तंटे मिटवले होते.

एप्रिलमधल्या एका सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत मंडळ बसलं. खिडकीतून समोर लेण्याद्रीचा डोंगर दिसत होता, आणि सहाही जण आमच्याकडे बघायचं सोडून त्या गणपतीकडे बघत बसले होते. खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. माझं लक्ष त्या हातांकडे गेलं. सहाही जणांच्या उजव्या हाताची बोटं पिवळी होती.

मी जुन्नरचा आहे. उजव्या हाताची बोटं कशानं पिवळी होतात हे मला कुणी सांगायला नको. पण पेन्सिल हातात होती, तोंड बंद होतं.

सरांनी गोड शब्दांत सुरुवात केली. "आपण सहा जण जाणकार आहात. मोकळेपणानं बोला. एकमेकांचं पटलं नाही तर तसं सांगा. पहिला प्रश्न. गुंठाभर राबाला टहाळीचे किती भारे लागतात?"

चिमाजी उठून उभा राहिला. "गुंठ्याला तीन भारे, सायेब."

"बसून बोला. कुशाबा, तुमचं काय मत?"

"गुंठ्याला तीन भारे, सायेब."

तिसरा तेच. चौथा तेच. पाचवा घाईत 'सायेब' आधी म्हणाला आणि 'तीन भारे' नंतर, एवढाच काय तो मतभेद. बहिरूची पाळी आली. तो उठला, घसा खाकरला, पुन्हा खाली बसला. सर वाट बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, "तीन." ते म्हणताना त्यानं सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझी पेन्सिल अडखळली.

सरांनी फिरवून फिरवून विचारलं. माळावरच्या जमिनीला किती, पाणथळ जमिनीला किती, भाताला किती, नाचणीला किती. तीन, तीन, तीन. पोपटांना शिकवलं असतं तरी एखादा चुकला असता.

मग सर म्हणाले, "ठीक आहे. मंडळाचं एकमत आहे. मी तुम्हाला याचं महत्त्व सांगतो. आम्ही राब बंद करा असं म्हणणार नाही. तुम्ही जो आकडा सांगाल, तेवढे भारे दर गुंठ्याला शेतकऱ्याला कायद्यानं तोडू द्यावेत अशी शिफारस करू. त्याच्यावर मात्र एक भाराही नाही."

सहाही चेहरे एकदम उतरले. कुशाबानं तोंड उघडलं. चिमाजीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि कुशाबाचं तोंड पुन्हा मिटलं.

दुपारच्या सुट्टीत मी तडक शाळेमागच्या चिंचेखाली गेलो. सगळे भाकरीची फडकी सोडून बसले होते. नवऱ्याबरोबर आलेली सोनीबाईही होती. 'शहरात ह्यो कुनाला वाट बी इचारायचा न्हाई' म्हणून ती सोबतीला आली होती. मी चिमाजीला सरळ विचारलं, "बाबा, बेलभंडारा उचललात ना?"

चिमाजी दबला नाही. म्हणाला, "उचलला तर! काल दुपारी खंडोबाच्या देवळात. सरकारनं कागद धाडला, सहा जनांनी येका ठिकानी बसून इचार करावा. म्हंजी पंचच की रं! पंचानं आधी आपसात ठरवायचं आनि भाईर येका तोंडानं बोलायचं. सहा तोंडं सहा दिशेला गेली तर त्याला पंच म्हनत्यात का बाजार?"

"पण तीन का?"

"राब बंद करनार म्हनून आवई उठली व्हती. म्हनलं, आमी लई थोडं तोडतो असं दावावं, म्हंजी सोडतील. जास्त बोललो तर म्हनतील, ह्येच त्ये डोंगर खानारे."

मला हसू आलं आणि रागही आला. सरांना सहा मतं हवी होती, म्हणून त्यांनी सहा जण बसवले. यांनी सहा जण बसवले म्हणून मत एकच ठेवलं, वर देवाची आण घेतली. आता खरा आकडा सांगावा तर बेलभंडारा मोडतो, आणि तीनावर राहावं तर राब मोडतो. आपल्याच हातानं दार लावून घेतलं होतं आणि किल्ली खंडोबाकडे.

सोनीबाई गप्प बसणारी नव्हे. "तीन भाऱ्यात काय भाजतंय? पापड? आमी गुंठ्याला बारा टाकतो. कवा कवा तेरा! तीन भारे टाकले तर रोप उगवायच्या आदी तन हसत वर यील. खायचं काय मग, चिमाजीबाबा, तुमची येकी?"

बहिरूनं भाकरीला हात लावला नव्हता.

मी म्हणालो, "मी सांगतो सरांना. माझी काही आण नाही."

तेव्हा बहिरूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. मला कळलं त्याचं. मी सांगितलं असतं, तर सहा जण देवाचं नाव घेऊन खोटं बोलले असं सरकारी कागदावर चढलं असतं. सहा घरांना ते पिढ्यान्‌पिढ्या धुता आलं नसतं. माझंही तोंड बंद झालं. एकशे वीस शब्दांचा उपयोग शून्य.

दुपारी मंडळ पुन्हा बसलं. सरांचा उत्साह मावळला होता. वहीत बघत त्यांनी विचारलं, "राबाचे थर कोणत्या क्रमानं घालतात, एवढं तरी सविस्तर सांगा."

बहिरू उठला.

"दावतो," तो म्हणाला.

"काय दाखवता?"

"राब. रानात." आणि खाली बसला.

चिमाजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसरा आकडा सांगायचा नाही अशी आण होती, रान दाखवायचं नाही अशी नव्हती. सर वही मिटून म्हणाले, "उत्तम. उद्या सकाळी आपण सगळे जाऊ." बाकीच्या सभासदांना उन्हात जायचं अगदी जिवावर आलं होतं, पण सरांपुढं बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी पुढं सरांची जीप आणि मागं एक मालट्रक, त्यात सहा जाणकार, सोनीबाई आणि मी, असा लवाजमा मढकडे निघाला. ओतूरपर्यंत ठीक होतं. पुढं ट्रक असा हादरायला लागला की माझ्या पेन्सिलींची टोकं खिशातच मोडली. मढला गाड्या थांबल्या, तिथून वाडीपर्यंत चालत. बहिरूच्या राबाच्या कडेला वाळलेल्या टहाळीचे भारे रचून ठेवलेले होते, शेणाचा ढीग होता, पाचोळा होता. वरच्या बांधावर ऐनाची झाडं उभी होती, सगळ्यांचे शेंडे शाबूत. जंगलखात्याचे एक साहेब समितीवर होते, ते त्या शेंड्यांकडे बघतच राहिले.

बहिरूनं अंगरखा काढला. पावलांनी एक गुंठा मोजला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. शेण पसरलं. मग भारा डोक्यावर घेतला आणि आणून सोडला. एक. दुसरा. तिसरा. फांद्या नीट पसरल्या, पाचोळा टाकला, माती टाकली, तर ते सगळं फटींतून खाली गळलं. आणि थांबला.

चिमाजीनं सुटकेचा निःश्वास सोडला. तीन म्हणजे तीन. सर पुढं झाले. खालची जमीन टहाळीच्या फटींतून चांगली ढळढळीत दिसत होती.

"एवढंच?" सरांनी विचारलं.

बहिरूनं शेजारी जाऊन दुसरा गुंठा मोजला. तिथंही शेण, तिथंही भारे. एक, दोन, तीन. मग तो पुन्हा ढिगाकडे गेला, आणखी एक भारा डोक्यावर चढवला आणि गुंठ्याच्या कडेला उभा राहिला.

"बहिऱ्या!" चिमाजी गरजला. "बेलभंडारा!"

बहिरूनं भारा डोक्यावर तसाच धरून एक बोट आपल्या मिटलेल्या ओठांवर ठेवलं. मग तेच बोट पहिल्या गुंठ्याकडे नेलं. तीन तिथं आहेत. ते देवाचे. आणि भारा खाली सोडला.

"च्यार!" सोनीबाई कडाडली.

तिला कुणी पंचात घेतलं नव्हतं, तिनं कुठलाही भंडारा उचलला नव्हता. ती बांधावर बसून मोजायला लागली. "पाच! सा! सात!" माझी पेन्सिल धावायला लागली. बहिरूच्या पाठीवर घामाच्या धारा होत्या. "धा! अकरा! बारा!" बाराव्याला तो थांबला. आता जमीन दिसत नव्हती.

मग खरं मंडळ भरलं. कुशाबाला राहवलं नाही. "शेन खाली कशापायी? आमच्याकडं टहाळीवर शेन. खालचं शेन जळतंय कुठं?" दुसरा म्हणाला, "तुमच्याकडं वारं जास्त, म्हनून वर लागतंय. हितं खालीच पायजे." तिसरा म्हणाला, पाचोळा एवढा जाड नको, भडका उठतो. चौथा म्हणाला, भडका उठतो तो वाऱ्याच्या बाजूनं पेटवल्यामुळं, वाऱ्याच्या समोरून पेटवावं म्हणजे आग उलटी, धिमी सरकते. चौघं एकाच वेळी बोलत होते. सर बांधावर सोनीबाईशेजारी बसले आणि मला म्हणाले, "लिही, निजाम, लिही!" मी उभ्यानं नऊ पानं लिहिली.

पण आकडा कुणी उच्चारत नव्हतं. कुशाबाचं रान मुरमाड, त्याला बारा कमी वाटत होते हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, ढिगातून मुकाट एक भारा उचलला आणि आणून टाकला. मग आणखी एक.

"तेरा! चौदा!" सोनीबाई.

लगेच दुसऱ्यानं पुढं होऊन त्यातला एक उचलून बाजूला ठेवला.

"तेरा!"

कुशाबानं डोळे वटारून तो परत टाकला. "चौदा!" दुसऱ्यानं पुन्हा काढला. "तेरा! आरं, ठरवा की येकदा, माझा घसा बसला!" हसून हसून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या साहेबांनी तोंडानं जेवढा वाद घातला नव्हता, तेवढा या लोकांनी तोंड न उघडता घातला. शेवटी सगळे चिमाजीकडे बघायला लागले. म्हातारा बराच वेळ काठीवर रेलून उभा होता. मग त्यानं काठी माझ्या हातात दिली, मुंडासं सारखं केलं, काढून ठेवलेला तो भारा उचलला, कोयत्यानं अर्धा केला आणि अर्धाच गुंठ्यावर नीट पसरला. न्याय तो न्याय. सोनीबाईला साडेतेरा म्हणायचं सुचेना, ती प्रथमच गप्प झाली.

परतताना सरांनी मला जीपमध्ये घेतलं. ओतूर आल्यावर म्हणाले, "निजाम, काल त्या सगळ्यांच्या बोटांना हळद कसली होती?"

आता त्यांनी विचारलंच होतं. मी म्हटलं, "खंडोबाचा भंडारा, सर."

त्यांनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. जुन्नर दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "तोंडी साक्षीत तीन लिहिलंयस, ते तसंच राहू दे. त्याखाली लिही, प्रत्यक्ष करून दाखवले, बारा ते चौदा. शिफारस आपण दाखवलेल्यावर करू." त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. हुशार माणसं पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्याची लाज झाकून खरं लिहिणारा हा एकच.

अहवाल छापून यायला दोन वर्षं लागली, म्हणजे सरकारी मानानं लगेचच. सरांची शिफारस बारा भाऱ्यांची होती आणि कठीण जमिनीला चौदा. शेवटी जाणकारांच्या नावांची यादी होती, त्यात जंगलाच्या साहेबांच्या खाली, त्याच टायपात, बहिरूचं नाव. मला राहवेना. आषाढात रजा काढून, अहवाल मेणकापडात गुंडाळून मी त्याच्या वाडीवर गेलो.

पाऊस उघडला होता. ओटीवर बसून मी त्याला ते पान वाचून दाखवलं. त्याचं नाव वाचलं. बारा भारे वाचले. सोनीबाईनं आनंदानं शेजारणीला हाक मारली. बहिरू मात्र माझ्या बोटाकडे बघत होता.

"मी बारा बोललो, असं न्हाई ना लिवलं?" त्यानं विचारलं. आयुष्यात माझ्याशी बोललेलं हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

"नाही, बहिरूभाऊ. दाखवलं, असं लिहिलंय."

"आनि बोलल्यालं?"

"ते तीन. जसं बोललात तसं."

त्यानं मान डोलावली आणि खुरपं घेऊन रानाकडे निघाला. मीही मागं गेलो. राबावर रोप उभं होतं. तीन गुंठे नुसते हिरवेगार, हात लावला तर हात ओला व्हावा असे. आणि चौथा गुंठा पिवळा, विरळ, वीतभर, तणानं भरलेला.

"अरे, हे काय झालं?" मी विचारलं. "कीड पडली का?"

मागून सोनीबाई आली होती. "कीड कसली! त्यो देवाचा गुंठा. गुंठ्याला तीन भारे टाकतो, असं देवाफुडं बोललाय न्हवं? मंग टाकतो. तवापासनं दर साली येका गुंठ्यात तीनच. म्हंजी बोललेलं खोटं पडाया नगं. एक खाचर त्यापायी रोपाविना ऱ्हातं, तिथं आमी वरी टोचतो. कितीदा सांगितलं, झालं ना तुझं काम, सोड आता! ऐकंल तर शप्पत!"

मी त्या पिवळ्या रोपांकडे बघत राहिलो. तो 'तीन' माझ्याच पेन्सिलीनं कागदावर गेला होता. मी तो एका क्षणात लिहिला होता आणि हा माणूस दोन वर्षं तो खरा करत बसला होता. माझे डोळे भरून आले, आणि लाजही वाटली. मी म्हणालो, "बहिरूभाऊ, आता काय उपयोग? शिफारस बाराची झाली. ते तीन कोण वाचतंय?"

त्यानं माझ्या काखेतल्या मेणकापडाकडे हात केला.

"छापलंय न्हवं?" तो म्हणाला. "मंग खरं असाया पायजे."

आणि त्या पिवळ्या गुंठ्यातलं तण काढायला खाली बसला.